म्हातारं झालं म्हणून सोडून देऊ नका : गावाकडची वयस्क कुत्री-मांजरं आणि त्यांची दुखणी

पांदण (आर्वी तालुका)

आमच्याकडे कुत्रं नऊ-दहा वर्षांचं झालं, खाणं-हिंडणं कमी झालं, की सगळ्या गावाचं निदान ठरलेलं असतं : "म्हातारं झालं आता." मांजरीचं तर तेवढंही कोणी म्हणत नाही. ती कुठेतरी कोठीत, कुटाराच्या ढिगाआड जाऊन बसते आणि एक दिवस दिसेनाशी होते. या एका वाक्यापाशी सगळे थांबतात, म्हणून उपचार होण्याजोगी दुखणी तशीच अंगावर राहतात. त्यासाठीच हा धागा काढतो आहे. शहरातल्यांकडे कोपऱ्या-कोपऱ्यावर पेट क्लिनिक आहे. आपल्याकडे काय आहे आणि त्यात काय काय करता येतं, ते इथे लिहूया.

घरबसल्या कळणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करतो.

पहिली गोष्ट पाणी. म्हातारं जनावर अचानक जास्त पाणी प्यायला लागलं आणि जास्त मुतायला लागलं, तर त्याला "उन्हाळा आहे" म्हणून सोडू नका. मूत्रपिंड, मधुमेह, आणि नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भपिशवीतला पू, ही तिन्ही दुखणी पाण्यावरून आधी कळतात. भांडं ठरावीक ठेवा, सकाळी मापून भरा, दुसऱ्या सकाळी किती उरलं ते पाहा.

दुसरी गोष्ट वजन. मांजर पिशवीत बसवून किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर महिन्यातून एकदा ठेवायची. ४ किलोची मांजर ३ किलो ६०० ग्रॅमवर आली तर बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही, पण ६० किलोच्या माणसाचे ६ किलो उतरावेत तसंच ते आहे.

तिसरी गोष्ट झोपेतला श्वास. गाढ झोपलेलं असताना छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. कुत्रं असो की मांजर, झोपेत ३० च्या वर आकडा पुन्हा पुन्हा यायला लागला, तर हृदय किंवा फुफ्फुस दाखवून घ्यायलाच हवं.

आणि ओठ वर करून हिरड्या पाहायच्या. गुलाबी पाहिजेत. पांढुरक्या दिसल्या तर रक्त कमी आहे, पिवळसर दिसल्या तर कावीळ. आपल्याकडे कुत्र्यात यामागे बहुतेक वेळा गोचीड-ताप निघतो.

आता तुम्ही लिहा.

संत्रीबाग (वरुड तालुका)

पाण्याचं अगदी खरं लिहिलंत दादा. आमची मनी बारा-तेरा वर्षांची आहे. मांजर फार पाणी पीत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण ही गोठ्यातल्या टाक्यावर जाऊन लपलप पाणी प्यायची आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती. तोंडाला वासही यायचा. सासूबाईंनी जंताचं औषध द्यायला सांगितलं, ते दिलं, पण फरक पडला नाही. मग अमरावतीला रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाचं जवळजवळ पाऊण काम बंद पडल्यावरच हा आकडा वाढतो, त्यामुळे आजार जुना आहे. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं सांभाळता येतं.

आम्ही काय करतो ते सांगते. चामडीखाली सलाईन द्यायला डॉक्टरांनीच शिकवलं. किती द्यायचं, किती दिवसांनी, ते सगळं त्यांनी तिच्या वजनावरून ठरवून दिलंय. मानेमागची सैल चामडी चिमटीत धरायची आणि सुई तिथे घालायची, तिला फारसं दुखत नाही. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवते, थंड सलाईन गेलं की ती अंग चोरते. पाण्याची भांडी घरात तीन ठिकाणी ठेवलीत. खाणं ओलसरच, उकडलेल्या कोंबडीत तिचंच पाणी घालून, मीठ न टाकता. मांजर आजही माझ्या पायाशी आहे.

एक अजून. मांजरीला फक्त दूध-पोळीवर ठेवू नका. मांजर मांसावर जगणारं जनावर आहे. टॉरीन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो, तो कमी पडला की डोळे आणि हृदय जातं. मोठ्या मांजरींना दूध पचतही नाही, ढाळ लागते.

कपाशी (दारव्हा)

नमस्कार जी. मले अर्जंट विचाराचं हाये. आमचा वाघ्या बारा वर्साचा हाये, वावरात जागलीले जाते बाबासंगं. काल सकायी उठला त उभाच राहता येईना. मान एका बाजूले वाकडी, चालाले गेला का एकाच बाजूले गोल फिरते अन् पडते. एकदा वकला पन. डोये कसे झरझर इकडून तिकडे हालते. सारे म्हनते लकवा मारला, आता काही खरं नाही. काका त म्हनते त्याले दवा देऊन मोकया करा. बाबा कालपासून जेवले नाही. काय करू, सांगजा कोनी.

पशुवैद्य_श्रेणी१

कपाशी, घाई करू नका, काकांनाही थांबवा. तुम्ही जे वर्णन केलंय (मान तिरपी, एकाच बाजूला गोल फिरणं, बुबुळं झरझर हलणं, उलटी) ते कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचं बिघडणं असण्याची शक्यता जास्त आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांत हे असंच अचानक येतं, दिसायला भयानक असतं, आणि आपल्याकडे त्याला हमखास लकवा म्हणतात. यातली बरीच कुत्री पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर सावरायला लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत चालतीफिरती होतात. मान थोडी तिरपी राहून जाते कधीकधी, त्यानं काही अडत नाही.

पण त्याआधी मला चार गोष्टी सांगा. कानातून घाण वास, पू येतो का? गेल्या दोन-चार दिवसांत कोणी फवारणी केली होती का, आणि कुत्रं त्या वावरात गेलं होतं का? लाळ गळते का? पाणी गिळता येतं का, भुंकण्याचा आवाज बदलला का? लाळ गळत असेल, पाणी गिळता येत नसेल किंवा आवाज बदलला असेल तर तोंडात हात अजिबात घालायचा नाही, "घशात हाड अडकलंय का पाहतो" म्हणूनसुद्धा नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आणि लोक नेमकं हाड शोधायला हात घालतात. लाळ जखमेला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवून लगेच ग्रामीण रुग्णालयात लस घ्यायची.

तोवर त्याला अंधाऱ्या, सपाट जागी ठेवा, दोन्ही बाजूंना बारदाना गुंडाळून टेकू द्या. पाणी वाटीनं तोंडाजवळ धरा, ओतू नका. आणि आज जवळच्या दवाखान्यात न्या.

कपाशी

डॉक्टरसाहेब, लाळ नाही, पानी पेते, आवाज तसाच हाये. उजव्या कानातून वास येते खरा, पावसायापासून. फवारनी आमच्याकडं आता नाही. नेतो आजच.

पांदण

डॉक्टरसाहेब, तुम्ही आलात ते फार बरं झालं. दुखण्याच्या गोळ्यांबद्दल सविस्तर लिहाल का? आमच्या गावात माणसाचं जे पाकीट घरात सापडेल ते लोक कुत्र्याला देतात.

पशुवैद्य_श्रेणी१

लिहितो, कारण या सवयीनं दरवर्षी जनावरं मरताना पाहतो.

मांजरीला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. अर्धी नाही, पावही नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजरीचा जीव घ्यायला पुरते. तिच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही. रक्तातला ऑक्सिजन वाहणारा घटक बिघडतो, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. चुकून पोटात गेली असेल तर लक्षणं दिसायची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठा, पहिल्या काही तासांतच उपयोग होतो.

कुत्र्याला आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक नको. पोटात व्रण होऊन काळी, डांबरासारखी शी होते आणि मूत्रपिंडं जातात. म्हाताऱ्या कुत्र्यात तर आधीच ती अर्धी थकलेली असतात. डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे. ती आली गिधाडांमुळे : हे औषध दिलेलं मेलेलं ढोर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांकडे वळतात म्हणून २०१५ साली इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरवर आणली. तरी गावोगावी कुणाच्या ना कुणाच्या पिशवीत ती निघतेच.

सांधेदुखीवर कुत्र्याला मेलॉक्सिकॅम देता येतं, पण वजन पाहून, पोटात अन्न असताना, पाणी नीट पीत असेल तर, आणि स्टेरॉइडच्या सोबत कधीही नाही. म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच.

लोणारकाठ (बुलडाणा जिल्हा)

गोळीशिवायही सांधेदुखीत बराच आराम देता येतो. गेल्या काही वर्षांत आमच्या गावात सगळ्यांनी घरात गुळगुळीत टाइल्स बसवल्या. शेणानं सारवलेल्या जमिनीवर कुत्र्याचा पाय रुततो, टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात आणि उठताना ते केकाटतं. त्याच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर बारदाना टाका, तेवढ्यानं उठणं सोपं होतं. फिरणं कमी झालं की नखं झिजत नाहीत, वाढून वळतात आणि पंजात रुततात, ती कापा. थंडीत दव पडतं तेव्हा उघड्या ओट्यावर झोपू देऊ नका. आणि वजन वाढलेलं असेल तर ते उतरवा, कोणत्याही गोळीपेक्षा याचा गुण जास्त.

मोहफूल (सिंदेवाही)

आमच्या जंगलकाठच्या गावांसाठी एक गोष्ट लिहायलाच हवी. म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकू कमी येतं, वासही उशिरा लागतो. पूर्वी जे कुत्रं बिबट्याची चाहूल लागताच घरात पळून यायचं, तेच आता दारात निवांत झोपलेलं असतं. अंगणात साखळीनं बांधलेलं म्हातारं कुत्रं बिबट्या सहज उचलतो, आणि एकदा घराची वाट कळली की तो परत येतो. मग धोका लेकरांनाही असतो. रात्री त्याला आत घ्या, दाराला कडी लावा.

दुसरं ऊन. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, नवतपात तर रात्रसुद्धा थंड होत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच ते अंग थंड करतं, आणि म्हाताऱ्या हृदयाला तेच झेपत नाही. अंग तापून ते झिंगायला लागलं, जीभ लालभडक झाली, तर सावलीत नेऊन पोट, काखा, पंजे साध्या पाण्यानं भिजवायचे आणि वर पंखा किंवा कूलर. बर्फ नको. ओलं पोतं अंगावर गुंडाळून ठेवायची आपली पद्धतही नको, थोड्या वेळानं तेच पोतं गरम होतं आणि उष्णता आत कोंडते.

संत्रीबाग

डॉक्टरसाहेब, गोचिडांचं विचारायचं होतं. गोठ्यात ढोरांना जे औषध फवारतात तेच आमच्याकडे कुत्र्या-मांजरांना लावतात.

पशुवैद्य_श्रेणी१

मांजरीला अजिबात नाही. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या जातीची औषधं मांजरीला विषारी आहेत. अंगाला थरथर सुटते, झटके येतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडांचं औषध मांजरीला टाकल्यानं होणाऱ्या विषबाधा यातल्याच. घरात दोन्ही असतील तर कुत्र्याला औषध लावल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजर त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

आणखी एक म्हणजे ढोरांचं आयव्हरमेक्टिन. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं, कारण ते बनवलेलंच असतं २००-३०० किलोच्या जनावरांसाठी. दहा किलोच्या कुत्र्याला अंदाजानं टोचलं की मात्रा कित्येक पट होते. लॅब्रा, जर्मन शेफर्ड, गावठी, कोणतंही असो, अंदाजानं द्यायचं नाही.

गोचीड-तापात म्हातारं कुत्रं नुसतं मलूल होतं, ताप येतो-जातो, नाकातून रक्त येतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. रक्ताच्या काचपट्टीवर किंवा किटवर निदान होतं. एर्लिकिया (गोचिडातून येणारा जंतू) असेल तर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. पाच दिवसांत कुत्रं खायला लागलं म्हणून औषध थांबवू नका.

बोरधरण (सेलू, वर्धा)

कुत्री पाळणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते. आमच्या शेजारच्या ताईंची पोमेरेनियन नऊ वर्षांची. माज येऊन गेल्याला महिना-दीड महिना झाला असेल. ती खूप पाणी पिऊ लागली, पोट फुगलं, खाणं बंद. सगळ्यांना वाटलं गाभण आहे. खाली डागही दिसत नव्हता. नागपूरला सोनोग्राफी केली तेव्हा गर्भपिशवी पुवानं भरलेली निघाली. त्याच दिवशी ऑपरेशन करून काढली, म्हणून वाचली. डॉक्टर म्हणाले, पिशवीचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर दिसतो, बंद असेल तर काहीच दिसत नाही आणि तो प्रकार जास्त घातक. माज येऊ नये म्हणून दिलेल्या इंजेक्शनांनीही हा धोका वाढतो. म्हातारी कुत्री, नुकता माज, जास्त पाणी : या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका.

आता ती चांगली आहे, पण रात्री खोकते. काहीतरी अडकल्यासारखं.

पशुवैद्य_श्रेणी१

ताई, पोमेरेनियन म्हातारी आणि खोकला म्हटल्यावर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. श्वासनलिका चपटी होणं, यात हंसासारखा कर्कश आवाज येतो, उत्साहात किंवा पट्टा ओढला की जास्त. आणि हृदयाची झडप गळणं, यात झोपेतला श्वास वाढतो, थकवा येतो. नुसतं कफ सिरप पाजत राहू नका, छातीचा एक्स-रे करा. हृदयाचं असेल तर गोळ्यांवर ही कुत्री बऱ्यापैकी काढतात. गळ्यातला पट्टा आजच काढा, छातीचा पट्टा वापरा.

धुरा (आर्णी)

सगळं वाचलं. मनापासून एक विचारतो, राग मानू नका. आमच्याकडे माणसाला नागपूरला न्यायला गाडीभाडं जमत नाही. सोयाबीनचे भाव काय आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. अशात म्हाताऱ्या कुत्र्यावर हजारो रुपये घालणं किती जणांना परवडणार?

संत्रीबाग

राग कशाचा दादा, रास्त आहे. पण हा धागा वरून पुन्हा वाचा. पाणी मापणं, काट्यावर वजन करणं, बारदाना टाकणं, रात्री आत घेणं, पॅरासिटामॉल न देणं, यातल्या कशाला पैसे लागतात? कर्ज काढून उपचार करा असं कोणीच म्हणत नाहीये. ज्या कुत्र्यानं दहा-दहा वर्षं रानडुकरं आणि रोही वावरातून हाकलली, त्याच्या जागलीवर आपलं पीक घरात आलं. त्याला आता निदान चुकीचं औषध तरी आपल्या हातून जाऊ नये.

पशुवैद्य_श्रेणी१

धुराभाऊ, खर्चाचं सांगतो. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने कुत्र्या-मांजरांनाही पाहतात, फक्त लोक आणत नाहीत. श्रेणी-१ च्या दवाखान्यात पदवीधर डॉक्टर असतो. ढोरांच्या गर्दीत तुमचा नंबर उशिरा लागेल, औषध कधी बाहेरून आणावं लागेल, पण तपासणी नाममात्र शुल्कात होते. १९६२ हा टोल-फ्री नंबर फिरत्या पथकाचा आहे. ते मुख्यतः पशुधनासाठी आहे, तरी जवळ कुठे काय सोय आहे हे विचारायला फोन करा.

मोठं काही असेल तर दोन ठिकाणं लक्षात ठेवा : नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था. दोन्ही माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या. शिकवणारी रुग्णालयं असल्यानं तिथे तज्ज्ञ मिळतात आणि खाजगीपेक्षा खर्च बराच कमी येतो. जाण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या : खोकला, चाल, झटका. दवाखान्यात आल्यावर जनावर घाबरून नेमकं तेच करत नाही.

मोहफूल

आणि जेव्हा खरंच काही उरत नाही तेव्हा? आमच्याकडे फाट्यावर नेऊन सोडतात, नाहीतर पोळीत फवारणीचं औषध.

पशुवैद्य_श्रेणी१

दोन्ही अमानुष आहे आणि दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. विषानं जनावर तासन्‌तास तडफडतं. त्याचं मेलेलं शरीर खाऊन दुसरी कुत्री, कावळे, घारी मरतात.

वेळ आली आहे का हे ठरवताना मी घरच्यांना विचारतो : खातंय का? स्वतः उठून मुतायला जातंय का? तुम्ही आलात की शेपटी हलवतंय का? वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त झालेत का? उत्तरं स्पष्ट असतील तर डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देऊन, मग भुलीच्या औषधाची जास्त मात्रा देऊन त्याला शांतपणे झोपवू शकतात. जवळ बसा, हात ठेवा. नंतर खोल खड्ड्यात, विहिरीपासून दूर, पुरा.

कपाशी

डॉक्टरसाहेब, वाघ्याले नेलं होतं. कानच निंघाला. आतून साफ केला, थेंब अन् गोया देल्ल्या. आज सकायी आपल्या पायानं ओट्यावून उतरला, पडला नाही. मान वाकडीच हाये अजून. बाबानं त्याच्याजवळच बसून भाकर खाल्ली. काका बी पाहून गेले.

दोन गोष्टी सांगजा. त्याचे डोये निळसर दिसते, तो मोतिबिंदू हाये का? अन् इतक्या वयात रेबीजचं इंजेक्शन द्याचं का नाही? दवाखान्यात सारे म्हनत होते, म्हातारं हाये, काय गरज.

पशुवैद्य_श्रेणी१

छान झालं. थेंब सांगितले तितके दिवस घालाच, कान कोरडा दिसला म्हणून बंद करू नका.

निळसर झाक वयानं भिंग घट्ट झाल्यानं येते, त्यात दिसणं फारसं बिघडत नाही. मोतिबिंदू दुधासारखा पांढरा असतो. त्याच्यासमोर कापसाचा बोळा वरून सोडा, त्याला वारा नाही की आवाज नाही. नजर बोळ्यामागे गेली तर दिसतंय.

रेबीजची लस दरवर्षी, वय कितीही असो. जागलीला जाणाऱ्या कुत्र्याची गाठ कोल्ह्याशी, मुंगसाशी, बाहेरच्या कुत्र्यांशी पडते. फक्त हा आजार आणि औषधं संपू द्या, मान स्थिर होऊ द्या, मग टोचून घ्या. कार्डावर तारीख लिहून घ्या, आणि घरातल्या मांजरीलाही त्याच दिवशी न्या.

कपाशी

मांजर पिशवीत बसत नाही जी, ओरबाडते.

संत्रीबाग

उशीच्या खोळीत घाला भाऊ. तोंड सैल बांधायचं, हवा जाते. मी मनीला तशीच नेते. अंधार झाला की गप बसते.